उलटा माहूत

१

शुक्रवारी सकाळी कोनाड्यातला हत्ती नाहीसा झाला, आणि नऊ वाजायच्या आत विरेश साखर पेठेत आत्याच्या दारात उभा राहिला.

"आत्या, घात झाला की!"

"चप्पल काढ आधी," रत्नम्मा म्हणाल्या. "घात काही पळून जात नाही."

हा कोनाडा भिंतीतला नव्हे, फोनमधला. लॉकडाऊनच्या वर्षी विरेशनं सुरू केलेला ब्लॉग. पूर्वी संध्याकाळी कोनाड्यात पणती ठेवायचे, तसं आपलं हातचं काम इथं आणून ठेवावं, दहा जणांनी बघावं, एवढीच त्याची कल्पना. बघता बघता बाराशे माणसं जमली. कुणी गोधडी शिवणारं, कुणी लाकूड कोरणारं, कुणी नुसते फोटो काढणारं. कितीतरी बायका टोपणनावानं येत, कारण घरी ठाऊक नसे. टोपणनावामागचं माणूस कधी उघड करायचं नाही, हे विरेशनं सगळ्यांना दिलेलं वचन होतं. भरतकाम असेल तर कापडाची पालथी बाजूही दाखवायची, हा दंडक मात्र रत्नम्मांचा. समोरून कुणीही नटतं, हात कसा आहे ते पालथं केल्यावर कळतं, असं त्या म्हणत. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडलं तर कायमचं बाहेर, हा नियमही त्यांनीच सांगितलेला.

त्यांना तो अधिकार होता. चादरीच्या कारखान्यात पंचिंगला त्यांची चौतीस वर्षं गेली होती. चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी वाचायची, एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीला भोकं पाडायची, पट्ट्या क्रमानं दोरीत ओवायच्या. ती माळ मागावर चढली की कागदावरचा मोर सुतात उतरायचा. आता तो भोंगाही नाही आणि पहाटे डबे घेऊन निघालेली ती रांगही नाही. पण रत्नम्मा अजून फरशीवर पाय ठेवताना चौकोन मोजत.

"संस्कृतीचा हत्ती आठवतो?" विरेशनं विचारलं.

आठवत होता की. वैरागची ती पोरगी, चोवीस वर्षांची. कसुतीचा, त्या कानडी भरतकामाचा, टाका कोनाड्यातच बघून शिकली. दोन वर्षं एकाच कापडावर भरत होती, अंबारीच्या हत्तींची रांग, आणि जसजसं काम पुढं सरकेल तसतसं 'माझ्या मनातला हत्ती' म्हणून ब्लॉगवर मांडत होती. महिन्यापूर्वी परराज्यातल्या एका मोठ्या वस्त्रसंग्रहालयानं कोनाड्याकडून एक काम मागितलं होतं, कायमचं ठेवायला, खाली कलाकाराचं नाव लिहून. सगळ्यांनी मतं देऊन संस्कृतीचं निवडलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

"काल संध्याकाळी 'जुनं सूत' नावाच्या खात्यावरून हे आलं." विरेशनं फोन पुढं केला. काचेला तडा गेलेला, त्यात नखाएवढा हत्ती. "हत्ती तोच, अंबारी तीच, माहूत तोच. कोपऱ्यात वर्ष भरलंय २०१९. संस्कृतीनं सुरुवात केली बावीस साली. खाली एकच ओळ आहे, 'मनातला हत्ती म्हणे! चोरीचा आहे.' आणि आज सकाळी संस्कृतीच्या तेवीसच्या तेवीस पोस्ट गायब. फोन बंद. लोक मला विचारायलेत, चोराला कधी काढतोस म्हणून."

रत्नम्मांनी चहाचा कप डाव्या हाताशी ओढून घेतला. लहानपणी आजीनं चमच्याचे फटके देऊनही तो हात बदलला नव्हता. त्या बराच वेळ त्या नखाएवढ्या हत्तीकडं बघत राहिल्या. कुठंतरी काहीतरी टोचलं, पण बोटाला सापडलं नाही.

"पोस्ट पुसल्या कुणी?"

"तिच्याच खात्यातनं गेल्यात. पहिली पाच बावन्नला. बाकीच्या बावीस सव्वासहाला, एकदम."

"मध्ये तेवीस मिनिटं?"

"व्हय. का गं?"

"घाई पहिलीची होती," रत्नम्मा म्हणाल्या. "बाकीच्या नंतर सुचल्या. त्या पहिल्या पोस्टमध्ये काय होतं रे?"

विरेशला आठवेना. तो नखं खात बसला. आणि आपल्या भावाच्या पोराकडं बघताना रत्नम्मांच्या मनात आलं, की बाराशे जणांच्या खात्यांची किल्ली याच्याकडंही आहे.

"'जुनं सूत' कोण आहे, ते तुला दिसतं ना?"

विरेशनं मान खाली घातली. "आत्या, वचन आहे. तू पण विचारू नकोस."

म्हणजे याला ठाऊक होतं.

२

संस्कृतीचा पासवर्ड आणखी एकाला माहीत होता. नवी पेठेत अभिमन्यूचा घरातच फोटो स्टुडिओ होता. कोनाड्यातल्या निम्म्या लोकांच्या कामाचे चांगले फोटो तोच काढून, तोच चढवून देई.

रत्नम्मा जिना चढून धापा टाकत आत गेल्या. अभिमन्यूनं खुर्ची पुढं केली, पंखा वाढवला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मी काय पुसलं न्हाई, बाई. आधीच सांगतो."

"मी कुठं म्हटलं तू पुसलंस?"

"सगळे म्हणायलेत. तिनं फोटोखाली माझं नाव टाकलं न्हाई, म्हणून भांडलो होतो ना आम्ही. सगळ्यांसमोर भांडलो. 'सुईचं काम माझं, तुझं काय, बटण दाबायचं!' असं म्हणाली. लागलं मला ते. पण म्हणून कुणाची दोन वर्षं पुसू व्हय?"

"सकाळी पाच बावन्नला कुठं होतास?"

अभिमन्यूची आई आतून कांदा चिरता चिरता ओरडली, "पाच बावन्नला? नऊच्या आत ह्यानं सूर्य बघितलाय का विचारा त्याला!"

रत्नम्मांना हसू आलं, पण त्यांनी संशय पुरता खाली ठेवला नाही. रागावलेला माणूस गजर लावूनही उठतो.

"तिच्या पोस्टचे फोटो तुझ्याकडं असतील की."

"वीस हायत. पहिले तीन तिनं वैरागला घरी स्वतःच्या फोनवर काढले होते, ते न्हाईत माझ्याकडं." त्यानं 'जुनं सूत'चा फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. "हे बघा, हा फोटो काढणाऱ्याला फोटोतलं काय कळत न्हाई. ट्यूबलाइटखाली काढलाय, हात हललाय. हत्ती नुसता धुरकट दिसतोय. पण पालथ्या बाजूचा फोटो बरा आलाय."

रत्नम्मा पडद्याजवळ गेल्या. हत्ती धुरकटच होता, पण पालथ्या बाजूच्या काठाचा तुकडा स्वच्छ आला होता. एकही गाठ नाही. दोरा कुठं सुरू झाला, कुठं संपला, ते शोधून सापडू नये. कसुतीत जाताना एक घर सोडत जायचं आणि येताना तीच घरं भरत यायचं, म्हणजे सुलटं नि पालथं एकसारखं. हे सगळ्यांना माहीत असतं. जमतं मोजक्यांना.

"असा हात सोलापुरात तिघींचा," त्या म्हणाल्या. "एक वारली. एक लेकाकडं पुण्याला गेली."

"आणि तिसरी?"

"तिसरीचं काम मतांमध्ये दुसरं आलं होतं. संस्कृतीच्या खालोखाल."

३

महेश्वरी टीचर विजापूर रोडला राहायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आवाज शाळेतला. कोनाड्यावर त्यांचा दबदबा होता. त्यांनी "छान" लिहिलं तर पोरी तो शब्द कापून जपून ठेवत. रत्नम्मांची त्यांच्याशी ओळख फोनवरचीच. घरी येण्याची ही पहिली वेळ.

"बर्री, बर्री. शरणार्थी. उन्हाचं आलात." त्यांनी कानडी रिवाजानं हात जोडून स्वागत केलं, पाणी दिलं, चहा ठेवला. "विरेशनं पाठवलं वाटतं?"

"मी आपली आले. 'जुनं सूत' तुम्हीच ना?"

महेश्वरी टीचर हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "आणि असले तर? त्यात खोटं काय आहे? माझं कापड एकोणीस सालचं. तिचं बावीसचं. कोण कुणाचं बघून भरतंय, तुम्हीच सांगा."

"नावानिशी का नाही लिहिलंत?"

"दुसरी आले म्हणून जळते, असं म्हणाले असते. म्हणतायतच."

"तिच्या पोस्ट तुम्ही पुसल्या?"

"मला फोटो सरळ चढवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या खात्यात शिरून पुसणार?" त्यांनी कप पुढं ठेवला. "चोरच पुरावा पुसतो, रत्नम्मा."

"एक सांगा, तुमचं कापड ती पोर कुठं बघणार? याआधी कधी मांडलं होतंत?"

"नाही. मांडायसाठी नव्हतंच ते. घराबाहेर गेलंच नाही कधी."

"ती कधी आली होती इथं?"

"पायरी चढली नाही." त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नसावा. पण पुढच्या क्षणी त्यांची नजर रत्नम्मांच्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. डाव्या हातात कप होता. टीचर त्या हाताकडं अशा बघत राहिल्या, की रत्नम्मांना वाटलं, कपाला तडा आहे की काय.

"कापड बघू का?"

"आतल्या खोलीत आहे. अप्पांच्या फोटोखाली."

रत्नम्मा उठून आत गेल्या. भिंतीवर ताज्या मोगऱ्याचा हार घातलेला एका माणसाचा फोटो होता. उभा चेहरा, जाड काड्यांचा चष्मा, कानामागं खोचलेली पेन्सिल. फोटोसाठीसुद्धा त्यानं ती काढली नव्हती.

शिवप्पा मास्तर.

रत्नम्मांनी त्या पेन्सिलीकडं पुन्हा बघितलं. मग हळूच नजर खाली नेली. फोटोखालच्या फळीवर ते कापड होतं. हत्ती उजवीकडं चालला होता, सोंड खाली सोडून. अंबारी पाठीवर मधोमध. आणि माहूत मानेवर नव्हता. तो मागं, शेपटीकडं बसला होता. तोंडही शेपटीकडंच, अंकुश हवेत.

सकाळपासून बोटाला न सापडणारा काटा आता सापडला. फोनच्या काचेवर दोन वर्षं नखाएवढा बघून ध्यानात न आलेला तो उलटा माहूत रत्नम्मांना ठाऊक होता. तो त्यांनीच बसवला होता.

४

एकोणऐंशी साल. रत्नम्मा बावीस वर्षांच्या, कामावर लागून आठ महिने झालेले.

नक्षीखात्यात माणसं दोनच. शिवप्पा मास्तर नक्षी काढत, रत्ना पट्ट्या पंच करून ओवी. मास्तर कमी बोलत. चुकलं तर ओरडत नसत. पेन्सिलीचं मागचं टोक त्या चौकोनावर ठेवून थांबत, आपणहून कळेपर्यंत. डावखुरी म्हणून आधीच्या ठिकाणी तिला हाकललं होतं. मास्तर म्हणाले होते, "चौकोनाला कुठला आलाय डावा-उजवा?"

अंबारीच्या हत्तीची नक्षी त्यांनी तीन महिने काढली. पट्ट्या पंच झाल्या. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला शाईनं नंबर, म्हणजे ओवताना ते टोक एका बाजूला राहावं. जेवणाच्या सुट्टीनंतर रत्नानं वरच्या चाळीस पट्ट्यांची गड्डी आपल्या डाव्या हाताशी फिरवून घेतली. हाताला सोयीचं पडतं म्हणून. नंबराचं टोक पलीकडं गेलं. पट्टी उलटी बांधली की ओळीची उजवीकडची बाजू डावीकडं जाते, आरशातल्यासारखी. हत्तीच्या पाठीखालच्या पट्ट्या सुलट्या होत्या, वरच्या उलट्या. अंबारी दोन्हीकडून सारखीच असते, तिला काही झालं नाही. फक्त माहूत मानेवरून उडून शेपटीवर जाऊन बसला.

ऐंशी चादरी विणून झाल्यावर तपासनिसाच्या ध्यानात आलं. मालक खात्यात आले. "माळ कुणी तपासून दिली?" मास्तरांनी माळ हातात घेतली, गाठी बघितल्या. डाव्या हाताच्या गाठीचा पीळ उलटा पडतो. कारखान्यात डावखुरं माणूस एकच होतं. मास्तरांनी रत्नाकडं बघितलं. रत्नानं जमिनीकडं बघितलं.

"मी दिली," मास्तर म्हणाले.

तेवढं खरंच होतं. सही त्यांची होती. त्याच दिवशी त्यांना काढलं.

संध्याकाळी जाऊन सांगू, असं रत्नानं ठरवलं. मग उद्या. मग पगार झाल्यावर. तोवर मास्तर दुधनीला गावी निघून गेले. तिथं कुणाच्या तरी अडतीत तागडी धरतात, असं पुढं कानावर आलं. वाळवंटात बी पेरल्यासारखा तो माणूस. त्यानं पुन्हा नक्षी काढली नाही, असंही आलं. रत्नम्मांनी पंचेचाळीस वर्षं दुधनीच्या गाडीत पाय ठेवला नव्हता.

शुक्रवारी महेश्वरी टीचरच्या घरून रत्नम्मा तशाच परतल्या. "डोळ्यावर अंधारी आली," एवढं म्हणून निघाल्या. टीचर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही डावखुऱ्या आहात, रत्नम्मा. फोनवर कळत नाही ते."

ते वाक्य रिक्षात त्यांच्या शेजारी बसून घरापर्यंत आलं.

आता वाटा दोन होत्या. गप्प बसलं तर रविवारी संस्कृती चोर ठरणार होती. बोललं तर कोडं सुटणार होतं, पण कुणाचं नाव पुढं येणार, ते एकट्या रत्नम्मांना कळत होतं. शिवाय कोडं अजून पुरतं सुटलंही नव्हतं. वैरागच्या पोरीच्या मनात सोलापूरचा उलटा माहूत गेला कसा?

जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. त्या ऐंशी चादरी. डॅमेज माल म्हणून दोन गठ्ठे बांधले होते. गठ्ठ्यावर गावाचं नाव लिहायला ब्रश रत्नाच्याच हातात दिला होता.

वैराग.

५

शनिवारी सकाळच्या एसटीनं त्या वैरागला उतरल्या. घर बाजाराच्या मागं होतं. ओट्यावर संस्कृतीची आजी गोजरबाई शेंगा फोडत बसली होती.

"कोण व्हय? सोलापूरच्या? या की. सावलीत या, ऊन लई हाय." मग आत तोंड करून, "ए संस्कृते! बाई आल्यात. काल धरनं जेवली न्हाय, बगा. फोन कुटं टाकलाय त्ये बी सांगना. त्या फोनात म्हनं हिला कुनी चोर म्हनलंय. फोनात बसून म्हनतंय, हितं येऊन म्हन म्हनावं!"

संस्कृती दारात आली. डोळे सुजलेले.

"पोस्ट तूच पुसल्यास ना?" रत्नम्मांनी विचारलं.

पोरगी खाली बघू लागली.

"पहिल्या फोटोत कापडाच्या मागं काहीतरी होतं. 'जुनं सूत'चा हत्ती बघितलास, रात्रभर जागलीस, आणि उजाडता उजाडता तुला ते दिसलं. म्हणून तेवढाच फोटो आधी पुसलास. मग वाटलं, एकच गेला तर लोकांच्या ध्यानात येईल. म्हणून सगळं पुसलंस."

संस्कृती उंबऱ्यात बसली. "मी चोर हाय, बाई. मला म्हाईतच न्हवतं, पर हाय."

ती आत जाऊन एक फडकं घेऊन आली. भाकरी गुंडाळायचं. धुऊन धुऊन विरलेलं, एका अंगाला जळलेलं. पण विणकर डोळ्याला पुरेसं होतं. अर्धा हत्ती, आणि शेपटीवर माहूत.

"हे व्हय?" गोजरबाई म्हणाली. "आमच्या मालकांनी बाजारातनं आनल्याली चादर. लई जुनी. सस्तात मिळाली, का तर म्हनं हत्तीवाला उलटा बसलाय! मालक म्हनले, बसू दे की, थंडी काय उलटी वाजती का? लई वरसं पांगरली. मग फाटली तवा हिची झोळी बांदली. मग गोदडीत घातली. ह्यो तेवडा तुकडा ऱ्हायला."

"झोळी?" रत्नम्मांनी विचारलं.

"पाळना कुटला आमाला? त्याच चादरीच्या झोळीत वाडली ही."

संस्कृतीनं फडकं मांडीवर पसरलं. "मला खरंच वाटायचं, माझ्या मनातला हत्ती हाय. डोळं मिटलं की दिसायचा. माहूत मागं बघतोय, म्हणून मला लई आवडायचा. पहिल्या फोटोत मागं टोपली हाय, टोपलीवर ह्ये फडकं. माझ्या डोळ्यासमोर रोज हाय, आन् मला दिसलंच न्हाई. मनातला म्हणून सांगितलं सगळ्यांना. मनात कुनी घातला त्ये इचारलंच न्हाई मी. आता काय तोंड दाखवू?"

कोनाड्याशिवाय तिला शाळा नव्हती, गुरू नव्हता. टाका चुकला तर दाखवायला बाराशे माणसं होती, ती सगळी एका ओळीनं गेली होती.

"उद्या सोलापूरला ये," रत्नम्मा म्हणाल्या. "हे फडकं घेऊन. तोंड दाखवायचं काम तुझं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

६

रविवारी चार वाजता विरेशच्या घरी सगळे जमले. संस्कृती आजीच्या पदराला धरून कोपऱ्यात. अभिमन्यू कॅमेऱ्यापाशी. महेश्वरी टीचर ताठ, मांडीवर पिशवी. समोरच्या पडद्यावर कोनाड्यातली शे-दीडशे माणसं, आपापल्या स्वयंपाकघरांतून, दुकानांतून बघत होती.

"कोण कुणाचं बघून भरतंय, असा प्रश्न होता," रत्नम्मांनी सुरुवात केली. "टीचरचं कापड आधीचं, म्हणून त्यांनी संस्कृतीचं बघितलेलं नाही. आणि ते कापड घराबाहेर गेलं नाही, म्हणून संस्कृतीनं त्यांचं बघितलेलं नाही. दोघींनी एकमेकींचं बघितलं नाही, आणि दोघींचा माहूत मात्र शेपटीवर बसलेला. असा माहूत शहाणा माणूस मनानं काढत नाही. ही चूक आहे. एकच चूक दोन घरांत सापडली, म्हणजे तिसरीकडून आली."

त्यांनी फडकं वर धरलं. अभिमन्यूनं कॅमेरा जवळ नेला. पडद्यावरच्या खिडक्यांमधून कुजबुज उठली.

"ही चादर एकोणऐंशी सालची. अशा ऐंशी होत्या. बहुतेक वैरागच्या बाजारात गेल्या, त्यातली एक गोजरबाईंच्या घरी. एक टीचरच्या वडिलांनी दुधनीला नेली असणार."

"नेली," महेश्वरी टीचर म्हणाल्या. "कुणाला पांघरू द्यायचे नाहीत. अप्पा गेले तेव्हा मी तो हत्ती भरायला घेतला. चुकीसकट भरला. त्या चुकीपायी माझ्या बापाचं आयुष्य गेलं, आणि ही पोर म्हणते मनातला हत्ती! मला सहन झालं नाही."

"म्हंजी कुनीच चोर न्हाई की!" गोजरबाई मोठ्यानं म्हणाली. "मग सोडा माझ्या पोरीला."

"ती सुटली, गोजरबाई. पोस्ट तिनं भीतीनं स्वतःच पुसल्या. पण चोर आहे." रत्नम्मांनी घोटभर पाणी घेतलं, डाव्या हातानं. "नक्षी शिवप्पा मास्तरांची. ती सरळ होती. पट्ट्यांची गड्डी उलटी बांधली ती मी. मालकांनी विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. माझी चूक मास्तरांच्या नावावर गेली आणि मी ती जाऊ दिली. आपलं काम दुसऱ्याच्या नावावर टाकणं ही पण चोरीच. आपल्या कोनाड्याचा नियम मीच सांगितला होता. विरेश, मला बाहेर काढ."

विरेशनं फोन खाली ठेवला.

"अप्पा सांगायचे," महेश्वरी टीचर सावकाश म्हणाल्या, "गड्डी डाव्या हाताची होती. नाव कधी नाही सांगितलं. आई विचारून विचारून थकली. म्हणायचे, पोर लहान होती, पुढं चांगली तयार झाली असेल. परवा तुम्ही डाव्या हातानं कप उचललात, आणि कापड बघून चेहरा पांढरा पडला, तेव्हा मला कळलं. मग मी थांबले. म्हटलं, बघू, बोलतात का पुन्हा खाली बघतात."

"मला माफी मागता येत नाही, टीचर. फार उशीर झाला."

"मागूही नका. मी देणार नाही." टीचर उठल्या. संस्कृतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुला मात्र मी चोर म्हणाले, ते परत घेते. कापड तुझं जाऊ दे. पण खाली पहिलं नाव अप्पांचं. नक्षी, शिवप्पा मास्तर, दुधनी. मग भरतकाम, तुझं. चालेल?"

संस्कृतीनं मान हलवली. रडता रडता म्हणाली, "आन् माहूत? माहूत सरळ करू का?"

"नको," टीचर म्हणाल्या. "जसा आहे तसाच जाऊ दे."

"आणि आत्याचं?" विरेशनं विचारलं.

टीचरनी रत्नम्मांकडं बघितलं. "बाहेर नको. बाहेर गेलं की माणूस विसरतं. इथंच राहू दे, बघत."

सोमवारी सकाळी रत्नम्मांनी कोनाड्यावर आयुष्यातली पहिली पोस्ट टाकली. त्या जळक्या फडक्याचे दोन फोटो, सुलटं आणि पालथं. खाली चार ओळी, काय झालं, कधी झालं, कुणी केलं. आणि पूर्ण नाव. मग फोन मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. लोक लिहीत होते, काही बरं, काही कडू. त्यांनी सगळं वाचलं.

अकराच्या सुमारास 'जुनं सूत'कडून एक फोटो आला. या वेळी खात्याला नाव होतं, महेश्वरी शिवप्पा. शब्द एकही नव्हता. पिवळा पडलेला चौकटीचा कागद, घडीवर चिरलेला, कडेला पेन्सिलीनं लिहिलेले आकडे.

रत्नम्मांनी चष्मा पुसला. खालच्या ओळीपासून सुरुवात केली. पाय, पोट, सोंड, पाठ. मग वरच्या चाळीस ओळी, एकेक चौकोन, डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवून. चहा निवून गेला.

हत्तीच्या मानेवर माहूत बसला होता, आणि समोर बघत होता.